तिच्या उजव्या पायाची निळी पट्टी

मी एक पट्टी बोलतेय. पट्टी म्हटल्यावर कुणाच्या डोळ्यांसमोर चांदीची येईल, कुणाच्या जखमेवरची, तर कुणाला गुरुजींच्या हातातली आठवून तळहात चोळावासा वाटेल. मी यातली कुठलीच नाही. मी प्लॅस्टिकची. गुडघ्याच्या जरा खालून निघते, पोटरीला मागून धरते, टाचेशी वळते आणि तळव्याखालून बोटांपर्यंत जाते. राहते बुटाच्या आत. चालताना ज्यांचं पाऊल उचललं जात नाही, नुसतं लोंबतं, त्यांचं पाऊल मी उचलून धरते. डॉक्टर मला स्प्लिंट म्हणतात. जिच्या पायात मी होते, ती पट्टी म्हणायची. मला तेच नाव लागलं.

आम्ही जुळ्या. डावी आणि उजवी. मी उजवी. डावी जन्मापासून अबोल, त्यामुळे बोलायचं काम माझ्याकडे आलं.

माझा जन्म दवाखान्याच्या तळघरातला. तिथं हातपाय बनवणारा एक कारागीर होता. त्याच्या भिंतीवर नुसते पाय टांगलेले असत. त्यानं तिला उंच खुर्चीवर बसवलं, पायाला प्लॅस्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळल्या आणि पाऊल काटकोनात धरून तो बसून राहिला. प्लॅस्टर वाळताना गरम होतं.

"चटका बसतोय का?" त्यानं विचारलं.

"गुडघ्याजवळ बसतोय. खाली काय चाललंय त्याचा मला पत्ता नाही," ती म्हणाली.

मग त्यानं तो साचा कापून काढला, त्यात प्लॅस्टर ओतून तिच्या पायाची हुबेहूब नक्कल केली, आणि तापवून चादरीसारखा मऊ केलेला प्लॅस्टिकचा पत्रा त्या नकलेवर ओढून बसवला. तो गार झाला, कापला, कडा घासल्या, पट्टे लावले, आणि मी झाले. म्हणजे तिला भेटायच्या आधीच मी तिच्या पायाच्या पुतळ्याला मिठी मारून मोकळी झाले होते. जगात दुसऱ्या कुणाच्या पायाला मी बसणार नव्हते.

"रंग कुठला?" कारागिरानं विचारलं होतं. "सगळे कातडीचाच घेतात. दिसू नये म्हणून."

"तुमच्याकडे काय काय आहे?"

"पांढरा आहे. निळा आहे, पण तो लहान मुलांसाठी."

"निळाच द्या. दिसायचंच आहे, तर निदान निळं दिसू दे."

बोलली असं, आणि पहिल्याच दिवसापासून मला जमिनीपर्यंत लोळणाऱ्या पँटीखाली झाकून टाकलं. माणसांचं बोलणं आणि वागणं एकाच साच्यातून निघत नाही, हे मला तेव्हाच कळलं.

तिचा आजार नसांचा. नाव लांबलचक, तीन डॉक्टरांची नावं एकमेकांना बांधून केलेलं. मेंदूचा निरोप पायाला पोचवणाऱ्या नसा हळूहळू मुक्या होत जातात. आधी पाय, मग हात. त्यानं जीव जात नाही. जीव सोडून बाकीचं थोडं थोडं जातं. तिच्याकडे तो बाबांकडून आला होता. दादाला काही झालं नाही, तिला झालं. शाळेत असताना पाऊल अडकू नये म्हणून ती गुडघे उंच उचलून चालायची. मुलांनी नाव ठेवलं, घोडी.

मी तिच्या आयुष्यात आले तेव्हा ती तिशीला टेकली होती. चष्म्याच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाइकासमोर बसायची, त्याच्या नाकावर फ्रेम ठेवायची, कानामागची काडी हलकेच वाकवायची. दिवसभर अनोळखी माणसांच्या इतक्या जवळ तिचा चेहरा असायचा, की त्यांच्या पापण्या मोजता याव्यात. संध्याकाळी मात्र कुणाच्याच जवळ नसायचा. घरी ती आणि आई. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती.

अशाच एका गिऱ्हाइकाला ती आवडली. बँकेत होता. त्यांच्या भेटी चहाच्या दुकानात व्हायच्या. ती ठरलेल्या वेळेच्या कितीतरी आधी जाऊन कोपऱ्यातली खुर्ची धरायची आणि आम्हा दोघींना टेबलाखाली आत ओढून घ्यायची. निघताना म्हणायची, "तू हो पुढे, मला जरा फोन करायचाय." त्यानं तिला कधी उभं बघितलंच नाही. खुर्चीतलं प्रेम ते! टेबलाच्या वर हसणं-खिदळणं, आणि टेबलाखाली आम्ही श्वास रोखून.

एकदा वेटर आला आणि म्हणाला, "हे टेबल दुसऱ्यांसाठी राखून ठेवलेलं आहे. पलीकडे बसता का?" पलीकडे म्हणजे अख्खं दुकान ओलांडून. ती उठली, चालली. बँकवाला म्हणाला, "अरे, पाय मुरगळला का?"

"हो," ती म्हणाली.

आता मुरगळलेला पाय किती दिवस मुरगळलेला राहणार? शेवटी तिनं खरं सांगितलं. त्यानं मान हलवत सगळं ऐकलं, "खूप धीराची आहेस" म्हणाला, बिल दिलं. त्यानंतर त्याला वेळच होईना. धीराची म्हणतात तेव्हा माणसं निघायच्या तयारीत असतात.

पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी तिला पोहायला सांगितलं. स्नायू जितके राहतील तितके राहू देत, म्हणाले.

तलावावर पोहायला शिकवणारा एक मास्तर होता. चाळिशीचा, एकटा, खांदे रुंद आणि पोट थोडं सुटलेलं. लहान मुलांना पाय कसे मारायचे ते दाखवायला तो बाकावर पालथा पडून हातपाय झाडायचा, म्हणून मुलं त्याला बेडूक सर म्हणायची. तोंडावर. त्याला चालायचं.

पहिल्या दिवशी तिनं बाकावर बसून आम्हाला काढलं. वेलक्रोचे पट्टे खर्रकन वाजले. सगळे वळून बघायला लागले.

मास्तर जवळ आला. "हे बूट भिजतील इथं. आत ठेवू का?"

"बूट नाहीत ते."

"मग काय आहे?"

"पाय आहेत माझे."

त्यानं आम्हाला उचललं, उलटंपालटं करून बघितलं. "छान निळे आहेत. कोरड्या जागी ठेवतो. पळून जाणार नाहीत ना?"

तिला हसू आलं. मी तिला अनोळखी माणसासमोर अशी मोकळी हसताना पहिल्यांदा ऐकलं.

आम्ही भिंतीजवळच्या बाकावर तिच्या टॉवेलावर पडून असायचो आणि लांबून बघायचो. पाण्यात तिला आमची गरज नव्हती. ती पाठीवर तरंगायची, हातांनी पाणी मागं सारायची आणि तिचे वाळलेले पाय मागून शांतपणे येत राहायचे. मास्तर शेजारून पोहत शिव्या घालायचा. "अगं, हनुवटी वर! छताला नमस्कार करायचाय का?" ती उलट उत्तर द्यायची. जमिनीवर तिला कुणी ओरडत नसे. सगळे सांभाळून बोलायचे. त्यामुळे तिला त्याची शिवी गोड लागली असावी. जिथं तिचं सगळ्यात बरं चाललेलं असायचं, तिथं मी कधीच नसायचे. पट्टीच्या नशिबात हे असतंच. तिला सुखी बघायचं, तर बाकावरून.

एक दिवस तिनं त्याला शाळेतलं नाव सांगितलं. तो म्हणाला, "घोडी? मग काय, घोडी आणि बेडूक. चांगली गोष्ट होईल." त्या दिवसापासून तो तिला "ए घोडे" म्हणूनच हाक मारायला लागला. ज्या नावानं ती वर्षानुवर्षं दचकायची, त्या नावाला ती आता वळून बघायची.

पुढे ती त्याच्या खोलीवर गेली. एक खाट, एक टेबल, खिडकीत वाळत घातलेले टॉवेल. ती खाटेच्या कडेला बसली आणि तिचा हात माझ्या पट्ट्यावर आला, तसाच थांबला. मला माहीत होतं का ते. तो आवाज. शेवटी तिनं डोळे मिटले आणि ओढला. खर्र!

"बाप रे," तो म्हणाला, "माझी चड्डी फाटली की काय!"

ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यानं आम्हाला खाटेखाली सरकवलं. पुढचं मला माहीत नाही. माहीत असतं तरी सांगितलं नसतं.

तिनं त्याच्यापासून काही लपवलं नाही. हातांतही सुरू झालंय, म्हणाली. चष्म्याचा बारीक स्क्रू चिमटीत धरवत नाही, दुकानात कुणाला कळू देत नाही. आणि मूल झालंच, तर त्यालाही हा आजार होण्याची निम्मी शक्यता.

त्यानं खिडकीतला टॉवेल काढून त्याची घडी घातली. मग म्हणाला, "बघू."

"बघू म्हणजे काय?"

"म्हणजे मला आत्ता माहीत नाही. माहीत नसताना हो म्हणालो तर तुला ते खोटं वाटेल, आणि ते खोटंच असेल."

तिला ते उत्तर आवडलं. त्या संध्याकाळी घरी जाताना तिचं पाऊल माझ्यावर हलकं पडत होतं.

मग त्याच्या बहिणीकडे जेवायला जायचं ठरलं. बहिणीचं घर पहिल्या मजल्यावर, जिना दगडी, जुन्या पावलांनी मध्ये झिजलेला. जाताना सगळं ठीक झालं. जेवण झालं, गप्पा झाल्या. बहीण मनापासून बोलत होती. निघताना बहिणीनं डबा भरून दिला. ती डबा हातात घेऊन वळली, वरच्याच पायरीवर माझं टोक अडकलं, आणि ती खाली गेली. डबा आधी, ती मागून.

हाड मोडलं नाही. पण ओठ फुटला, आणि सगळं घर जिन्यात जमलं. मेहुण्यानं खुर्ची आणली. कुणीतरी पाणी आणलं. बहीण मास्तरला आत घेऊन गेली. हलक्या आवाजात बोलली, पण जिन्यात आवाज घुमतो.

"तुझा जीव जडलाय, ते दिसतंय मला. पोरगी चांगली आहे. पण दोघांचे पाय तू एकटा किती दिवस होणार आहेस?"

तो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही.

त्यानंतर मास्तर बदलला. वाईट वागायला लागला असता तर बरं झालं असतं. तो चांगलं वागायला लागला. रस्त्यानं तिच्याबरोबर चालायचा तो आता चार पावलं पुढं चालून खड्डे बघायचा. खोलीतली सतरंजी काढून टाकली. दुपारी फोन, "पोचलीस ना? पडली नाहीस ना?" तलावावरून आलं की गुडघ्यावर बसून आम्हाला स्वतः काढायचा, तिचे तळवे उलटसुलट बघायचा, कुठं लाल झालंय का, खरचटलंय का. त्याची बोटं काचेच्या भांड्याला लागावीत तशी मला लागायची. शिव्या घालणं थांबलं. भांडण थांबलं. ती मुद्दाम खोडी काढायची, तर हा आपला, "बरं, तू म्हणशील तसं." आजाऱ्याशी कोण भांडतं? आणि "ए घोडे" तर त्यानं सोडूनच दिलं. नाव घेऊन हाक मारायला लागला.

हे सगळं तिनं सोसलं. पण एक दिवस ती पाठीवर तरंगत होती, आणि त्यानं पाण्याखालून तिच्या पाठीला हात लावला. आधार द्यायला. तिनं मागितला नव्हता. मी बाकावरून बघत होते. ती कठडा धरून उभी राहिली.

"हात काढ."

"अगं, पडशील."

"पाण्यात कुणी पडतं का?"

"बरं, बुडशील."

"तूच शिकवलंस ना मला? मग तुझाच तुझ्यावर विश्वास नाही?"

दोघं येऊन बाकावर बसली. मध्ये आम्ही. तिच्या केसांतून पाणी टपटप माझ्यावर पडत होतं.

"आधी तू माझ्या तोंडाकडे बघायचास," ती म्हणाली. "आता पायांकडेच बघतोस. आधी मी तुला आवडायचे. आता तुला माझी काळजी वाटते."

"दोन्ही एकत्र नसतं का?"

"आमच्या घरी नव्हतं. बाबांच्या शर्टाची बटणं आई लावायची. मरेपर्यंत. मी दारात उभी राहून बघायचे. दोघं काही बोलायची नाहीत. मी तेव्हाच ठरवलं, मी कुणाला असं राबवणार नाही."

"मी बटणांचं नावही काढलं नाही."

"काढशील."

"तू जिन्यात पडलीस तेव्हा मी घाबरलो," तो म्हणाला. "ती भीती जातच नाहीये. खोटं कशाला बोलू? मला थोडं घाबरू तरी देशील की नाही?"

तिनं घाईघाईनं आम्हाला चढवलं, माझा वरचा पट्टा वाकडाच ओढला, आणि ती निघाली. तो मागून आला नाही. मागून आला असता तर ती आणखी चिडली असती. आला नाही, तर फाटकापर्यंत तीनदा थांबली.

आईला हे पुष्कळ दिवसांनी कळलं. भाजी निवडता निवडता तिनं विचारलं, "तो पोहणारा हल्ली येत नाही?"

"मीच नको म्हटलं. त्याची तुझ्यासारखी गत करायची नव्हती मला."

आईचे हात थांबले. "माझ्यासारखी म्हणजे कशी गं?"

"बाबांची बटणं लावण्यात जन्म गेला तुझा."

"मला कधी विचारलंस?" आई म्हणाली. "तू दारात उभी असायचीस ना, म्हणून आम्ही गप्प व्हायचो. नाहीतर तेवढ्या वेळात तुझे बाबा शेजाऱ्यांच्या अशा नकला करायचे की माझ्या हातून बटण सुटायचं. घरात चार माणसं, आम्हाला दुसरा निवांतपणा होता कुठं?" मग म्हणाली, "कंटाळा यायचा. खोटं नाही सांगत. एकदा भांडण झालं तेव्हा मी मुद्दाम सगळी बटणं चुकीच्या काजात लावली आणि तसंच कामावर धाडलं. तेही वस्ताद! दिवसभर तसेच हिंडले, कुणाला नीट करू दिली नाहीत. आणि विचारलं कुणी, तर सांगायचे, बायको रागावलीय."

आई हसत होती, आणि तिची मुलगी माझ्याकडे बघत बसली होती. मला वाटलं, आता ही उठेल. उठली. दुसऱ्याच दिवशी तलावावर गेली.

तिथं नवी शिकवणारी होती. मास्तर नोकरी सोडून दुसऱ्या गावी गेला होता, तळ्याकाठच्या कुठल्याशा शाळेत.

घरी येऊन तिनं त्याला फोन लावला. मागं मुलांचा कल्ला ऐकू येत होता. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग तिनं आईनं सांगितलेलं सगळं सांगितलं, आणि म्हणाली, "माझं थोडं चुकलं असेल."

"माझंही चुकलं," तो म्हणाला. "मी रागावलेलो नाही. पण एक खरं सांगू? इथं आल्यापासून मला कुणाची भीती वाटत नाही. सकाळी उठतो तेव्हा छातीवर काही नसतं. हलकं वाटतं. तुला हे सांगताना लाज वाटतेय."

"लाजू नकोस," ती म्हणाली.

आणखी थोडं बोलून त्यांनी फोन ठेवला. तिनं आम्हाला काढलं, खाटेजवळ शेजारी शेजारी उभं केलं, आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. बाहेर अजून ऊन होतं.

त्यानंतरचं थोडक्यात सांगते. दादाकडे बाळ झालं, म्हणून आई तिकडे गेली. ती एकटी राहायला लागली. तिची पोटरी आणखी वाळली, पावलाची कमान आणखी वर आली, आणि ज्या पायासाठी मी बनले होते तो पाय राहिलाच नाही. मी मात्र होते तशीच. माझी कड तिच्या घोट्याला घासायला लागली. आधी कातडी लाल झाली, मग सोलली, मग मोजा ओला व्हायला लागला. मला कळत होतं. तिला कळत नव्हतं, कारण तिच्या पायाकडून वर निरोपच जात नव्हता. ती मला घालून दुकानात जात होती, जिने चढत होती. संध्याकाळी दमून दिवा लावायच्या आधीच झोपून जात होती. तिचे तळवे हातात घेऊन, उलटसुलट करून बघणारं आता कुणी नव्हतं.

बुटात रक्त दिसलं तेव्हा जखम खोल गेली होती. पुष्कळ दिवस तिला खाटेवर काढावे लागले. पाय वाचला. डॉक्टर रागावले, "रोज बघायचे ना पाय! कुणी बघणारं नसेल तर आरसा घ्या."

तिनं आरसा घेतला. आता रोज कामावरून आल्यावर ती खाटेवर बसते, आरसा जमिनीवर ठेवते, एकेक पाऊल त्याच्यावर धरते आणि वाकून बघते. बराच वेळ बघते. जखम नाही हे बघायला इतका वेळ लागत नाही.

त्याच कारागिरानं तिला नवी जोडी करून दिली. काळी, माझ्यापेक्षा हलकी, घोट्याजवळ मऊ अस्तर लावलेली. तिनं आम्हाला फेकलं नाही. धुतलं, पुसलं, कपाटावर ठेवलं. इथून मला सगळी खोली दिसते. ती परत पोहायला जायला लागलीय. परवा पहिल्यांदाच गुडघ्यापर्यंतची पँट घालून निघाली, आरशासमोर थांबली, आणि तशीच बाहेर पडली. नव्या पट्ट्यांचा मला हेवा वाटला, खोटं कशाला सांगू. मला तिनं कधी ऊन दाखवलं नव्हतं.

तुमच्यापैकी कुणाची तिच्याशी गाठ पडली, चष्म्याच्या दुकानात किंवा तलावावर, तर कपाटावरची एक निकामी पट्टी तुम्हाला एवढंच मागते. तिचे पाय बघा. नीट बघा, रोज बघा, ते तिला लागतं. आणि बघून झालं की मान वर करा. वर तिचं तोंड आहे.

आत्ताच तिनं पिशवी खांद्याला लावली, चप्पल-बुटांच्या जागेवर बसून दोन्ही बूट चढवले आणि दार ओढून घेतलं. जिना उतरताना नव्या पट्ट्या वाजत नाहीत, त्यामुळे ती कुठवर गेली ते मला कळत नाही.